टेकडीवर गेलेला सोयबिंदू

तापीनगरच्या पर्यटन-गणित प्रयोगशाळेत त्या सकाळी शहराचा मोठा नकाशा एका लाकडी फळ्यावर चिकटवून आडवा मांडला होता. किल्ला, मत्स्यालय, वस्त्रसंग्रहालय, झुलता पूल अशी एकतीस प्रेक्षणीय स्थळं, आणि प्रत्येकाच्या जागी एकेक भोक. प्रत्येक भोकातून दोरी खाली सोडलेली, तिच्या टोकाला वजन, आणि फळ्यावर सगळ्या दोऱ्यांची मिळून एकच गाठ. संगणकाने हे उत्तर केव्हाच काढलं होतं. पण नगरसेवकांना ते डोळ्यांनी दिसावं म्हणून संचालक डॉ. यशोधन रेगे यांनी हा खटाटोप केला होता.

त्यांनी गाठीवरचा हात काढला. गाठ जरा डगमगली आणि एका जागी स्थिरावली.

"हा सोयबिंदू," रेगे म्हणाले. "पाहुणा इथे उतरला तर सगळं शहर बघायला त्याला सर्वांत कमी फिरावं लागेल. ज्या स्थळाची ओढ जास्त, त्याचं वजन जास्त. कोणाच्या वशिल्याने ही गाठ इकडची तिकडे होत नाही."

ओढ मोजायची रीत साधी होती. तापीनगरात येणारा प्रत्येक पर्यटक कानात 'वाटाड्या' नावाचं छोटं यंत्र घालून फिरे. ते त्याला रस्ता सांगे, जिथे लोक रेंगाळताहेत तिथे जायचं सुचवी, आणि कुठे किती मिनिटं थांबला याची नोंद ठेवी. ती मिनिटं म्हणजेच ओढ.

या सगळ्यामागचं सूत्र हेमलता वायकोळे यांचं होतं. त्यांचे वडील एकदाच हे शहर बघायला आले आणि कुठल्याशा कोपऱ्यातल्या लॉजवर उतरले. दोन दिवस बसमध्ये गेले, किल्ला तेवढा खिडकीतून दिसला. तसं दुसऱ्या कोणाचं होऊ नये, पाहुण्याला सोयीचं हॉटेल निवडता यावं, एवढाच हेमलताबाईंचा हेतू होता. सरकारने त्यावर कायदा केला. सोयबिंदूच्या तीनशे मीटरच्या आत फक्त हॉटेलं राहतील. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अंतिम मोजणी होईल. तिच्यावरून यंत्रणाच घरं रिकामी करण्याच्या नोटिसा पाठवील. माणसाची सही नाही, म्हणून पक्षपात नाही, असं रेगे अभिमानाने सांगत.

हेमलताबाईंनी वाकून पाहिलं. गाठ वखार कॉलनीवर होती. सहाशे चाळीस घरं, एक पिठाची गिरणी, एक प्रसूतिगृह. बघण्यासारखं काही नाही, म्हणून तिथे भोकही नव्हतं.

नगरसेवक गेल्यावर त्यांनी रेग्यांना विचारलं, की तिथल्या माणसांचं काय. रेगे शांतपणे म्हणाले, की त्यांना बावीस किलोमीटरवर नवी घरं मिळणार आहेत आणि दर पाहुण्याची रोज वीस मिनिटं वाचणार आहेत.

"आणि रहिवाशांची मिनिटं? ती कुठल्या दोरीला बांधलीत?"

"ते पर्यटक नाहीत, हेमलताबाई. सूत्र तुमचंच आहे. त्यात रहिवासी हा शब्दच नाही."

हे खरं होतं, आणि म्हणूनच त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. सूत्र मांडल्यापासूनच्या सहा वर्षांत आपल्याला हा प्रश्न एकदाही पडला नव्हता, याचा राग रेग्यांवरच्या रागाहून मोठा होता.

त्या तडक वखार कॉलनीत गेल्या. प्रसूतिगृहातल्या निवृत्त परिचारिका सुलभाताई झोपे तिथेच तळमजल्यावर राहत. हेमलताबाईंची मुलगी त्यांच्याच हातावर जन्मली होती. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे पाहुण्यांची वीस मिनिटं वाचावीत म्हणून आमच्या पोरींनी कळा सुरू झाल्यावर बावीस किलोमीटरवरून शहरात यायचं. हे कोणाला सोयीचं, हेमा?"

दुसऱ्या दिवसापासून कॉलनी चौकात बसली. बायकांनी तिथेच चुली मांडल्या. मुलांची शाळा चौकात भरली. भिंतींवर प्रत्येक घराने आपापल्या माणसांची नावं रंगवली. पर्यटक कुतूहलाने थांबू लागले, आणि सुलभाताई प्रत्येकाला बसवून घेऊन हकीकत सांगू लागल्या. किल्ल्यावर दहा मिनिटांत फोटो काढून निघणारी माणसं इथे तास-तास बसत. हेमलताबाईंना वाटलं, आता सरकारला लाज वाटेल.

तीन आठवड्यांनी रेग्यांनी त्यांना बोलावलं आणि चक्क अभिनंदन केलं. चाचणी मोजणीत वखार कॉलनीची ओढ किल्ल्यापेक्षा जास्त भरली होती. आता तिथे भोकही पडलं होतं आणि गाठ त्यातच जाऊन बसली होती.

"आधी ती शे-दोनशे मीटर सरकण्याची शक्यता तरी होती," रेगे म्हणाले. "आता नाही. भिंती आपण जपू. त्यांच्यासमोरची खोली मिळायला लोक रांगा लावतील."

माणसं हाकलून त्यांची नावं लिहिलेल्या भिंती जपायच्या. हेमलताबाई एवढंच म्हणाल्या, की सर, तुम्हाला हे बोलवतं कसं. रेग्यांना प्रश्नच कळला नाही.

चौकात येऊन हेमलताबाईंनी सुलभाताईंना फोड करून सांगितलं: आपण जितकं इथे बसू, तितका फास घट्ट होईल. वजनांचा नियमच तसा आहे. एका स्थळाची ओढ बाकी सगळ्यांच्या बेरजेहून जास्त झाली, की ते स्थळ कितीही लांब असो, गाठ सरळ त्याच्या भोकात जाते. मग उरलेल्या शहराला विचारतो कोण.

"कितीही लांब?" ताईंनी विचारलं.

"कितीही."

ताईंनी हातातली मेथीची जुडी बाजूला ठेवली. मग त्यांनी विचारलं, की तुझे साहेब राहतात कुठे.

रेग्यांचा बंगला शहरापासून नऊ किलोमीटरवर, सातमाळ टेकडीवर होता. आजूबाजूला दुसरं घर नव्हतं. हेमलताबाई अडखळल्या. घरात त्यांची बायको आहे, तिचा काय दोष, असं त्या म्हणाल्या. ताईंनी ते मान्य केलं. फाटकाला हात लावायचा नाही, घोषणा द्यायच्या नाहीत, समोरच्या सार्वजनिक रस्त्याच्या कडेने नुसतं बसायचं, असं ठरलं. "आमचा तरी काय दोष होता," एवढंच त्या वर म्हणाल्या.

मार्चच्या मध्यावर सगळी कॉलनी टेकडीवर गेली. चुली गेल्या, शाळा गेली, जात्यावरच्या ओव्या गेल्या. वखार कॉलनीतली ओढ ओसरली. टेकडीवर पहिल्या दिवशी शंभरेक पर्यटक आले. ते रेंगाळले म्हणून वाटाड्याने हजारांना टेकडी सुचवली, ते हजार रेंगाळले म्हणून आणखी हजारांना. मत्स्यालय ओस पडलं. लोक सकाळी येत, जेवून, गाऱ्हाणं ऐकून, संध्याकाळी उतरत. शेवटच्या आठवड्यात टेकडीची ओढ शेकडा त्रेपन्न भरली.

एकतीस मार्चला दुपारी यंत्रणेने एकच नोटीस पाठवली. तीनशे मीटरच्या आत घरच एक होतं.

रेगे ती नोटीस हातात घेऊन प्रयोगशाळेत आले. हा आकडा खोटा आहे, ही खरी ओढ नव्हे, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. किल्ल्यापासून नऊ किलोमीटरवर हॉटेल कोणाच्या सोयीचं, असंही त्यांनी विचारलं. शेवटी ते खुर्चीवर बसले. "ते घर मी स्वतः बांधलंय, हेमलताबाई. तेवढं एक वजन हाताने दुरुस्त करा."

"हात घालायला जागाच नाही, सर. आणि मिनिटं खरी आहेत, एकेका माणसाने तिथे घालवलेली."

हेमलताबाईंना वाटलं होतं, या क्षणी बरं वाटेल. वाटलं नाही. समोर घर जाण्याच्या भीतीने कापणारा एक माणूस बसला होता. अशी सहाशे चाळीस घरं दोन महिने कापत होती आणि या इमारतीतल्या एकाचाही चहा त्यामुळे थांबला नव्हता.

कायदा तिसऱ्या दिवशी रद्द झाला.

टेकडीवर पेढे वाटले गेले. ढोल वाजला. हेमलताबाई आदेशाची प्रत घेऊन आल्या आणि सुलभाताईंच्या आग्रहावरून त्यांनी ती मोठ्याने वाचली. बाधित घरं: एक. कारण: ज्येष्ठ नागरिकास राहत्या घरातून हलवणे अमानुष असल्याने, मानवतावादी दृष्टिकोनातून सदर कायदा मागे घेण्यात येत आहे. वखार कॉलनीचा उल्लेख आदेशात कुठेच नव्हता.

ढोल थांबला होता. ताईंनी हातातला पेढा परत डब्यात ठेवला.

"ज्येष्ठ म्हणजे किती वर्षांचे गं तुझे साहेब?"

"बासष्ट."

"मी एकोणऐंशीची आहे," सुलभाताई म्हणाल्या, आणि चुलीवरचं पातेलं उतरवायला उठल्या.