धीर वाढवा

नागपूरच्या वाचा-संशोधन केंद्रात त्या सकाळी सुगतराव खोब्रागडे यांचं लेखनसोबतीशी भांडण झालं. सोबती म्हणजे संगणकावर लिहायची प्रणाली, तेव्हा भांडण एकतर्फीच. पण हा भूवैज्ञानिक जन्मभर दगडांशी बोलत आलेला, त्याला काय फरक पडतो.

मेंदूत गुठळी झाल्यापासून सुगतरावांचे शब्द हरवत. अर्धं राहिलेलं पुस्तक पुरं व्हावं म्हणून त्यांच्या बायकोनं, संगणकतज्ज्ञ शैलजानं, हा सोबती घडवला होता.

"हे... तुझ्यासारखंच. मध्ये... मध्ये..."

"मध्ये बोलतं," शैलजानं वाक्य पुरं केलं.

"बघा," सुगतराव वाचातज्ज्ञ डॉ. मुजावरांना म्हणाले.

मुजावर हसले. "मॅडम, हा सोबती शब्द आणतो कुठून?"

"यांच्याच आजवरच्या लेखनातून. यांनी कधी टाइप न केलेला एकही शब्द त्याच्याकडे नाही. बोटं अडली की पुढचा शब्द भरतो."

"किती वेळ अडली की?"

शैलजानं सेटिंग्ज उघडली. अक्षरांचा आकार, पानाचा रंग, ओळींमधलं अंतर, सगळं नवऱ्याच्या डोळ्यांना सोसेल असं लावलेलं. अगदी तळाशी 'धीर' होता: एक सेकंद. चाचणी तिनं स्वतःच्या बोटांवर केली होती, आणि तिच्या मते एक सेकंद म्हणजे भरपूर.

"शब्द शोधताना मेंदू नवी वाट पाडतो," मुजावर म्हणाले. "आयता शब्द मिळाला तर वाट पडायचीच नाही. पुस्तक पुरं होईल, यांची वाचा येणार नाही."

शैलजानं पडद्यावरचं पुस्तक मागे चाळलं. झालेल्या पानांकडे पाहून ती खूश होती बिचारी. त्यातले यांचे शब्द किती, सोबतीचे किती, कोण सांगणार? तिनं धीर एक मिनिटावर नेला.

"आता तुमचाही वाढवा," मुजावर म्हणाले.

सुगतरावांनी अर्पणपत्रिका लिहायला घेतली. 'हे पुस्तक माझ्या' इथे बोटं थांबली. शैलजानं ओठ घट्ट मिटले. नवऱ्याला आपलं नाव आठवू नये आणि आपण ते सांगू नये, याहून वाईट शिक्षा मला तरी ठाऊक नाही. मिनिट संपलं. सोबतीनं इमानानं भरलं: 'शैलजाला'.

तिचे डोळे भरून आले.

सुगतरावांनी तो शब्द खोडला. कपाळाला आठ्या घालून एकेक अक्षर दाबत दुसरा लिहिला.

'हे पुस्तक माझ्या आगाऊबाईला.'

लग्नापासून घरात तिला चिडवायचं हे नाव. बोललेलं रोज, लिहिलेलं कधीच नाही. सोबतीनं त्याखाली लाल रेघ ओढली: हा शब्द माहीत नाही.

"मला माहीत आहे," शैलजा पटकन म्हणाली, आणि या वेळी मध्ये बोलल्याबद्दल तिला कुणी टोकलं नाही.