हिरवा पुडा

वादळानं शिंचू शहराची वीज घालवली, आणि युन-छी इंजेक्शनांची पिशवी पोटाशी धरून जिना उतरली. गल्लीत एकच दिवा जळत होता... बर्फगोळ्याच्या दुकानातला. दारात जनरेटर धडधडत होता.

"मालक, हे तुमच्याकडे ठेवाल? औषध आहे. गरम झालं तर वाया जाईल."

बो-हाननं पिशवी घेतली आणि थेट बर्फाच्या लादीवर ठेवली.

"अहो, बर्फावर नको. गोठेल ते."

"मग फ्रीजमध्ये, आंब्यांशेजारी. आंबे सज्जन आहेत."

मेल्याच्या केसांतून पाणी निथळत होतं, तरी हसत होता. युन-छीनं उगाच जनरेटरकडे पाहिलं.

वीज दुसऱ्या दिवशी आली. पिशवी मात्र आंब्यांशेजारीच राहिली. का, ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही. रोज संध्याकाळी ती मागच्या खोलीत जाऊन पोटात सुई टोचून यायची, आणि तो तिच्यापुढे बर्फाची वाटी ठेवायचा.

"मधुमेह तर नाही ना?" एकदा त्यानं घाबरतच विचारलं. "मी रोज पाक वाढतोय..."

ती खळखळून हसली. मग सांगून टाकलं. "स्त्रीबीजं गोठवतेय. मूल हवंय मला. आज नाही, पण हवंय. त्यासाठी कुणाची वाट बघत बसणार नाही."

"पण पुढे ती वापरायला नवरा लागतो ना? कायद्यानं?"

"वापरायला लागतो. गोठवायला नाही."

दुसऱ्या संध्याकाळी फ्रीजवर खाऊचा हिरवा पुडा दिसला. तिच्या संगणक-चिपच्या कारखान्यातही प्रत्येक यंत्रावर असा पुडा असायचा; त्या खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग', म्हणून यंत्रानंही तसं वागावं. युन-छीनं तो उलटून तारीख वाचली.

"मुदत संपलीय याची. अशानं यंत्र मुद्दाम बिघडतं."

बो-हानचा चेहरा उतरला. गिऱ्हाईकं तशीच सोडून, ॲप्रनसकट तो वाऱ्यात पळाला, नवा पुडा आणायला. युन-छी त्याच्या जागी बर्फ किसत राहिली आणि तिला कळून चुकलं... आपण या माणसाच्या प्रेमात पडलोय.

बीजं काढायच्या सकाळी तो दवाखान्याच्या दारात उभा होता.

"लग्न करूया," तो म्हणाला. "मग हे कशाला हवंय? चल, घरी जाऊ."

हो म्हणावंसं फार वाटलं, अगदी ओठांवर आलं होतं.

"आज हो म्हटलं ना, तर मला कळणारच नाही — तुला हो म्हटलं, की माझ्या वयाला घाबरून. आधी हे होऊ दे. मग तुला निवांत उत्तर देईन."

"आणि नाही म्हणालीस तर?"

"तर बर्फ खायला येईन," ती म्हणाली आणि आत गेली.

शुद्धीवर आली तेव्हा नर्स वैतागली होती. "बाहेर एक ॲप्रनवाला हटून बसलाय. बीजं गोठवायच्या टाकीवर हिरवा पुडा ठेवा म्हणतो. आमचा आधीच ठेवलेला आहे म्हटलं, तर त्याची तारीख बघायचीय त्याला."

युन-छी हसली. पोटात कळ आली, तरी हसतच राहिली.

"बघू द्या," ती म्हणाली. "माझा माणूस आहे तो."