तक्त्यावरचा प

चष्म्याची दांडी भर रस्त्यात तुटली आणि ती समोर दिसलेल्या पहिल्याच दुकानात शिरली. पुस्तकं बांधायची तर सुई दिसायला हवी ना!

"बसा. नंबर तपासू," चष्मेवाला म्हणाला. बोलणं मोजकं, डोळे मात्र हसरे.

तिने भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघितलं. मागच्या वेळी, दुसऱ्या दुकानात, तिने तक्त्यावरचा प्रत्येक 'प' आणि 'क' 'दिसत नाही' म्हणून टाळला होता. दिसत होते हो, चांगले स्वच्छ! पण ही दोन अक्षरं तिच्या तोंडात हटून बसत. मग काय, भलत्याच नंबरचा चष्मा आणि रोजची डोकेदुखी.

ही फजिती तिने फक्त अडखळत बोलणाऱ्यांच्या ऑनलाइन गटावर कबूल केली होती. तिथे सगळे एकाच माळेचे मणी. कुणी हॉटेलात हवं ते सोडून उच्चारता येईल ते मागवायचा, कुणी वाजता फोन उशीखाली दडपायचा. तिथे तिचं नाव 'घुमी' होतं. 'सावकाश' नावाच्या कुणीतरी तिला लिहिलं होतं, 'पुढच्या वेळी पळू नकोस. थांबणारं कुणीतरी भेटेल.' तेव्हापासून सहा महिने दोघं रोज लिहीत होते. भेटायचा विषय मात्र कुणीच काढला नाही. लिहिताना कुठे अडखळतो माणूस!

"तिसरी ओळ," चष्मेवाला म्हणाला.

"र... म..." पुढे 'प'. "दिस—" तिने जीभ चावली. पुन्हा तीच डोकेदुखी? नको.

"प्..." ओठ मिटले ते मिटलेच. आता हा म्हणणार, 'प ना?' सगळेच म्हणतात. आईसुद्धा.

पण त्याने घड्याळाकडे बघितलं नाही, मान डोलावली नाही. नुसता थांबला.

"...प!"

तिचं तिलाच नवल वाटलं. एका अक्षरासाठी कुणी इतकं थांबतं?

"उ-उशीर होतोय तुम्हाला..."

"दुकान सातला बंद होतं."

दुपारचे तीन वाजले होते. तिला खुदकन हसू आलं.

त्याने भिंगं बदलली. खिडकीबाहेरच्या झाडाला पानं होती... एकेक, वेगवेगळी! ती बघतच राहिली.

"या वेळी... पळाली नाहीस," तो हळूच म्हणाला.

तिने गर्रकन मान वळवून त्याच्याकडे बघितलं. आत्तापर्यंत अहो-जाहो करणारा हा माणूस...

"तू... 'सावकाश'?"

"ह्... ह्..." त्याचे कान लाल झाले. त्याच्या मोजक्या बोलण्याचं कारण तिला आत्ता उमगलं. "हो. आणि मला... तू... खूप... आ..."

पुढचा शब्द तिला कळला होता. तिने तो चटकन म्हणूनही टाकला असता. पण ती हात मांडीवर ठेवून, त्याच्याकडे बघत, थांबली. इतकं सुंदर थांबणं तिने आयुष्यात अनुभवलं नव्हतं.

"...आवडतेस."

तिचे डोळे भरून आले. नव्या भिंगांतूनही तो धूसर दिसायला लागला.

"प्... प्..." ती म्हणाली. तो थांबला. "पुन्हा म्हण."