दीड मिनिटाची वाट

"अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, नव्वद! झालं, पुन्हा अडला गाडा!" ज्ञानूने मोजणं थांबवलं.

मार्गासनीच्या वाचनालयातला संगणक कालपासून हेच करत होता. सुरू व्हायचा, दीड मिनिट कशाची तरी वाट बघायचा आणि काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी टाकून ढिम्म बसायचा. मे महिन्याची सुट्टी, बाहेर हे ऊन, आणि तिघं आत घाम पुसत होती : नववीत जाणारी राजनंदिनी, तिचा धाकटा भाऊ ज्ञानू आणि भोरच्या विज्ञान प्रदर्शनात मैत्री झालेला फुरकान. तो पहिल्या एसटीने आला होता.

"सगळं पुसून नव्यानं टाकू की! वीस मिनिटांचं काम," फुरकान म्हणाला.

"गप रे! आधी सुलक्षणाताईंना विचारायचं," राजनंदिनीने दटावलं.

या संगणकावर तो चालवणारं लिनक्स हे मोफत सॉफ्टवेअर होतं. दिवाळीच्या सुट्टीत राजनंदिनीनेच ते चढवलं होतं, इंटरनेटवरच्या मराठी मदतगटाला विचारून विचारून. गटातल्या सुलक्षणाताईंना कुणी पाहिलं नव्हतं, पण त्या कधी उत्तर द्यायला कंटाळल्या नव्हत्या. राजनंदिनीने आईच्या मोबाईलवरून पडद्याचा फोटो पाठवला.

दाराशी रखमाजीतात्या बसले होते. तात्यांनी चाळीस वर्षं गुरं राखली. प्रत्येक जनावराला त्यांची हाळी वेगळी! मुलांनी दिवाळीत त्यांच्या तेवीस हाळ्या रेकॉर्ड केल्या होत्या, निव्वळ गंमत म्हणून. शिमग्यानंतर तात्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. तेव्हापासून ते रोज येऊन आपली एक हाळी ऐकायचे आणि मग घरी जायचे. कालही आले होते. संगणक सुरू होईना, म्हणून अंधार पडेपर्यंत बसून गेले.

टिंग! ताईंचं उत्तर आलं. "अंदाजाने काहीही टाइप करू नका. पाचव्या ओळीतली डिस्क संगणकाला सापडत नाही, तिचीच तो वाट बघतोय. कोणती डिस्क ती?"

राजनंदिनी संगणकाच्या मागे वाकली आणि हाताने चाचपू लागली. संगणकात जागा कमी म्हणून तिने हाळ्या एका पेनड्राइव्हवर ठेवल्या होत्या. तोच तिथे नव्हता!

'डिस्क नसली तरी अडून बसू नकोस,' असं संगणकाला सांगणारा एक शब्द ताईंनी कळवला. राजनंदिनीने वहीतला मुख्य पासवर्ड टाकला, तो शब्द सेटिंगमधल्या त्या डिस्कच्या ओळीत घातला आणि संगणक पुन्हा सुरू केला. या वेळी तो झटकन उघडला!

"लई भारी!" ज्ञानूने टाळ्या पिटल्या. तात्या लगबगीने उठून खुर्चीत बसले.

"तात्या, आज न्हाई..." राजनंदिनीने पेनड्राइव्हची रिकामी जागा दाखवली.

ताईंनी आणखी एक युक्ती सांगितली. संगणक स्वतःची रोजनिशी ठेवतो, ती उघडा. त्यात स्पष्ट नोंद होती : गुरुवार, दुपारी एक वाजता संगणक सुरू केला, एक वाजून दहा मिनिटांनी पेनड्राइव्ह काढला.

"गुरुवारी तर वाचनालय बंद असतं!" फुरकान ओरडला. "किल्ली कुणाकडं?"

किल्ली एकट्या सोमनाथभाऊंकडे. ते वाचनालय सांभाळायचे आणि टेम्पोही चालवायचे.

टेम्पो चौकातच उभा होता, आत गाणी दणाणत होती. राजनंदिनीने सरळ विचारलं, तर भाऊंनी कानांवर हात ठेवले. "म्या हात बी लावला न्हाई!"

ज्ञानू मात्र बेरकी. दहा मिनिटांनी तो एकटाच गेला. "भाऊ, तुमच्यासारकी गाणी अख्ख्या येल्हे तालुक्यात कुणाकडं न्हाईत! मला पायजेत ती."

भाऊ फुलले. "घे की! सांच्याला आणून दे." त्यांनी पेनड्राइव्ह काढून त्याच्या हातावर ठेवला. त्यावर राजनंदिनीने लावलेला नेलपॉलिशचा लाल ठिपका होता!

"सापडला!" कोपऱ्यामागून दोघं धावत आली. त्यांच्यामागून तात्याही आले.

"आरं, त्यात नुसता गुरांचा आरडाओरडा हुता," भाऊ पुटपुटले. "पुसला आन् हळदीची गाणी भरली." मग त्यांना तात्या दिसले आणि त्यांची मान खाली गेली. "तात्या, तुमचा आवाज हाय त्यो, हे माज्या ध्यानातच आलं न्हाई."

"त्यावर आता नवीन काही भरू नका," वाचनालयात परतून राजनंदिनीने कळवताच ताईंनी बजावलं. "पुसलेलं लगेच जात नाही. पण ज्या जागी गाणी बसली, तिथलं गेलंच." पुसलेल्या फायली शोधणारा प्रोग्राम त्यांनी सांगितला. तो दोन तास चालला. भाऊ सगळ्यांसाठी चहा घेऊन आले, पण कप तसेच निवले.

तेवीसपैकी चार हाळ्या मिळाल्या. चौथी चांद्या बैलाची होती आणि तीही अर्धीच. "चांद्याऽऽ ये रं..." एवढं होऊन आवाज तुटला. तात्या बराच वेळ पुढचं ऐकायला थांबले.

"पोरं लई हुशार!" भाऊ डोळे पुसत म्हणाले. "म्या एवढा मोठा, पन अक्कल न्हाई."

तात्यांनी राजनंदिनीच्या डोक्यावर हात ठेवला. तिला तो हात सोसवेना. ती रडूच लागली.

"आगं, तू रडू नगंस, चूक माजी हाय!" भाऊ म्हणाले.

"न्हाई, भाऊ," म्हणत तिने संगणकाकडे खुर्ची ओढली. मग तिने एक प्रत संगणकावर केली, एक आईच्या मोबाईलवर आणि एक फुरकानजवळ भोरला न्यायला दिली.

"शाब्बास पोरांनो! आता प्रश्नापुढे 'सुटला' अशी खूण करा," ताईंनी लिहिलं. राजनंदिनीने खूण केली. मग ती बोटाने वर वर सरकत दिवाळीच्या दिवसांपर्यंत गेली. तिथे ताईंनी विचारलं होतं, "रेकॉर्डिंगची दुसरी प्रत केलीत ना?" खाली तिचंच उत्तर होतं, "उद्या नक्की करते, ताई!"

त्याखाली तिने आज लिहिलं, "केली, ताई. पण चारच उरल्या होत्या."