पोटबोली

पद्मजाला जाऊन आठ महिने झाले होते. पण बायको घरातून पुरती गेली हे जिनेंद्र मगदूमला एका मंगळवारी सकाळी कळलं. सांगितलं ते यंत्र बघायला आलेल्या मुलीनं.

वैशाली तिचं नाव. स्टुलावर उभी राहून तिनं स्वयंपाकघराच्या भिंतीवरची डबी उघडली होती. जिनेंद्रची चौदा वर्षांची लेक त्रिशला शनिवारपासून मिरजेला हॉस्पिटलात होती. तिच्या आतड्याला पीळ पडला होता आणि वीतभर आतडं कापून काढावं लागलं होतं. आपल्या बहिणीला तिच्याजवळ बसवून तो आंघोळीपुरता जयसिंगपूरला आला होता.

"काका, ताईंनी शिकवलेलं यात काही राहिलेलं नाही," वैशाली म्हणाली.

"असं कसं? तीन वर्षं शिकवलंय तिनं."

"होय, पण हे यंत्र नवीन शिकवणं जास्त धरतं. पोरं वाढतात, पोटं बदलतात, म्हणून ते तसंच बनवलंय. नंतरच्या शिकवण्यानं जुनं बुजलं."

"नंतर कुणी शिकवलं?"

वैशालीनं हातातला टॅब त्याच्यासमोर धरला. "तुम्हीच की."

या यंत्राला सगळे पोटबोली म्हणत. ऑटिझम असलेल्या, शब्दांनी सांगू न शकणाऱ्या मुलांसाठी ते निघालं होतं. मुलाच्या पोटाभोवती मऊ कापडी पट्टा बांधायचा. पट्ट्यातले बारीक माइक आतड्यांची गुरगुर ऐकायचे, स्नायूंचा ताण मोजायचे, आणि भिंतीवरची डबी बोलायची, "गॅस झालाय", "शी अडकली आहे", "जळजळतंय". अशा कितीतरी मुलांना पोटाचा त्रास असतो. ती तो अंगानं सांगतात. डोकं आपटतात, मनगट चावतात, ताट भिरकावतात. बघणाऱ्याला तमाशा दिसतो, दुखणं दिसत नाही. पण प्रत्येक मुलाचं पोट निराळं. म्हणून पोटबोली आधी आपला अंदाज सांगायची आणि विचारायची, "बरोबर?" चूक असेल तर घरच्यांनी खरं काय ते सांगायचं. त्यावरून ती शिकायची.

पद्मजानं तिला तसं शिकवलं होतं. त्रिशला टेबलाच्या कडेवर पोट दाबायला लागली तर त्याचा अर्थ काय, नुसतीच हनुवटी दाबत बसली तर काय, हे पद्मजाला पाठ होतं. ती लेकीला कमोडवर बसवायची, पायाखाली पाट द्यायची आणि समोर फरशीवर बसून तासभर तिच्याशी काहीबाही बोलत राहायची. पोट साफ झालं की मग डबीला सांगायची, "अडकली होती गं बाई. मळमळ नव्हती."

जिनेंद्र नगरपरिषदेच्या पाणी खात्यात व्हॉल्व्हमन होता. रस्त्यावर लोखंडी सळई टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि गळती हुडकायची, यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"रस्त्याखालचं पाणी ऐकू येतंय," पद्मजा म्हणायची. "लेकीचं पोट तेवढं ऐकू येत नाही तुम्हाला."

"ते तुझं खातं," तो म्हणायचा.

डेंग्यूनं पद्मजा चार दिवसांत गेली. जिनेंद्रची पाणी सोडायची पाळी पहाटे पाचची होती, ती त्यानं विनवण्या करून आठची करून घेतली. त्याआधी त्रिशलाला अशा मुलांच्या दिवसभराच्या केंद्रात पोचवायचं. केंद्राचा नियम होता की घरच्यांनी पोटबोलीची सकाळची नोंद फोनवर दाखवायची आणि तीत दुखणं असलं, तर त्या दिवशी मुलाला घ्यायचं नाही.

पहिल्या महिन्यात त्याला नऊ खाडे पडले. दहाव्या सकाळी त्रिशला भिंतीवर डोकं आपटत होती आणि डबी म्हणाली, "शी अडकली आहे. बरोबर?"

त्यानं 'चूक' दाबलं.

"मग खरं काय?"

"हट्ट," तो म्हणाला.

"हट्ट मला माहीत नाही. पोटात काय होतंय?"

"काही होत नाही. नुसता हट्ट."

"नक्की?"

"हो, नक्की."

डबीनं शब्द टिपून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यानं तेच केलं आणि तिसऱ्या दिवशीही तेच. महिनाभरात डबी आपणहून म्हणायला लागली, "हट्ट. बरोबर?" तो 'बरोबर' दाबायचा. मग त्याचं त्यालाच ते खरं वाटायला लागलं. आई गेल्यापासून पोरगी बिघडली आहे, असं तो लोकांना सांगे. डबी हट्ट म्हणाली की तो त्रिशलाला मागच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायचा. ती ओरडायची थांबली की कडी काढायचा. एकदा दोन तास लागले. त्या दोन तासांत तो दाराशी उभा नव्हता, टीव्ही मोठा करून बसला होता.

चौथ्या महिन्यात ओरडणं कमी झालं. सहाव्यात बंद झालं. डोकं आपटणं गेलं, चावणं गेलं. तिच्या चड्डीला पातळ डाग पडत. जुलाब होत असतील म्हणून त्यानं तिचं दूध तोडलं. आत शीचा खडा अडकला की कडेनं पातळ झिरपतं, हे पद्मजाला माहीत होतं.

केंद्रातल्या बाई म्हणाल्या, "मगदूम, पोरगी शहाणी झाली हो तुमची. काय केलंत?"

"जरा शिस्त लावली," तो म्हणाला. त्या संध्याकाळी त्यानं तिला नवा ड्रेस घेतला.

गेल्या शनिवारी त्रिशला अंथरुणातून उठली नाही. तिचं पोट मडक्यासारखं टणक झालं होतं. उशीवर हिरवी उलटी होती. त्यानं डबीकडे बघितलं.

"हट्ट," डबी म्हणाली. "बरोबर?"

त्यानं 'बरोबर' दाबलं आणि तिला तशीच अंथरुणात ठेवून पाणी सोडायला गेला. एक वाजता परत आला तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"पोट शेवटचं कधी साफ झालं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"माहीत नाही."

"पंधरा दिवस तरी झाले असतील. पीळ पडला की मोठा माणूस गडाबडा लोळतो. ही ओरडली नाही?"

"नाही."

 डॉक्टरांनी ऑपरेशनच्या सहीसाठी कागद पुढे केला.

डबीचं प्रत्येक 'हट्ट' आणि त्याचं प्रत्येक 'बरोबर' वैशालीच्या टॅबवर तारीखवार होतं.

"कंपनीकडे जुनं असेल ना? पद्मजानं शिकवलेलं?" जिनेंद्रनं विचारलं.

"नाही हो. घरातलं घरातच राहतं, बाहेर प्रत जात नाही. कायदाच आहे तसा." ती स्टुलावरून उतरली. "कोरी करून देते. परत पहिल्यापासून शिकवा."

"मला ते येत नाही."

"ताईंना तरी पहिल्या दिवशी कुठं येत होतं?"

बारा दिवसांनी त्रिशला घरी आली. तिसऱ्या सकाळी ती चटईवर बसली होती आणि डबी म्हणाली, "पोटात कळ येते आहे असं वाटतं. बरोबर?"

जिनेंद्र लगेच तिच्याकडे गेला. पण ती आधीच उठली होती. टाक्यांवर हात धरून ती सावकाश मागच्या खोलीत गेली आणि तिनं आपल्यामागे दार ओढून घेतलं.

त्यानं दार उघडलं. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. ड्रेसची बाही तिनं तोंडात कोंबली होती आणि तिचे खांदे हलत होते. आवाज अजिबात नव्हता.

"तिशा, ओरड," तो म्हणाला. "ओरड की गं."

त्याचा आवाज चढला तशी तिनं बाही आणखी आत कोंबली.

त्यानं वैशालीला फोन लावला. "डबी कोरी केलीस. हिला कशी करायची?"

 ती म्हणाली, "काका, ते आमच्याकडे नसतं."

त्यानं त्याच दिवशी खोलीचं दार काढून टाकलं. आता दुखायला लागलं की त्रिशला कपाटामागे जाऊन बसते. डबी अडकलेली शी ओळखते, गॅस ओळखते. जिनेंद्र रोज तासभर कमोडसमोर फरशीवर बसतो आणि काहीबाही बोलतो. त्रिशलाला परत ओरडायला शिकवायचं राहिलं आहे.