खोडापासून चार बोटं

शनिवारी सकाळी चहाचा पहिला घोट घेताना मृणालिनीला खिडकीतून दिसलं, की एक माणूस तिचा केर चोरतो आहे.

केरच. आदल्या संध्याकाळी अंगण झाडून तिने काळ्या पिशव्यांत भरून रस्त्याच्या कडेला ठेवलेला. पाइनच्या वाळक्या सुया, पानं, काटक्या. तो माणूस एकेक पिशवी उचलून, बाजारात वांगी दाबून बघावीत तशी दाबून बघत होता आणि आपल्या जुनाट स्टेशन वॅगनमध्ये रचत होता. वर माणूस चक्क देशी!

ती पायात चपला सरकवून बाहेर आली. भुरभुर पाऊस होता.

"एक्स्क्यूज मी," ती इंग्रजीत म्हणाली, "ते माझं गार्बेज आहे."

तो दचकला. पिशवी छातीशी धरून उभा राहिला आणि स्वतःशीच पुटपुटला, "झाली का पंचाईत!"

आता १९८६ सालच्या कॅरीत, नॉर्थ कॅरोलायनाच्या त्या झाडाझाडांच्या गावात, केराच्या पिशवीआडून मराठी ऐकू येईल अशी कुणाची अपेक्षा असते? मृणालिनीला हसू फुटलं. फुटलं आणि तिचं तिलाच दचकायला झालं. या घरात बऱ्याच महिन्यांत तो आवाज झाला नव्हता.

"तुम्ही मराठी?"

"जालन्याचा. लहू माझं नाव. चोर नाही हो मॅडम, सॉइल सायन्सवाला आहे. हात मात्र दोघांचेही मळलेलेच."

"आणि केराचं काय करता?"

"पसरतो."

"पसरता?"

"झाडांच्या बुडाशी, वाफ्यांवर. ओल टिकते, तण दबतं. मल्च म्हणतात इथे. दुकानात याचेच गठ्ठे बांधून विकतात."

यावर मृणालिनीची नजर गॅरेजकडे गेली, कारण नेमके तेच गठ्ठे तिने आदल्या दिवशी विकत आणून गॅरेजमध्ये ठेवले होते. अंगण कसं आरशासारखं लख्ख हवं, हे आईने लहानपणी अंगात मुरवलेलं. त्यामुळे स्वतःच्या झाडांच्या सुया रोज झाडून फेकायच्या आणि दुसऱ्याच्या झाडांच्या सुया दुकानातून घरी आणायच्या, असा कारभार चालला होता. तिने हे सांगून टाकलं. लहू हसला नाही. हसू दाबण्यासाठी त्याने पिशवीत तोंड घातलं, आणि मग मात्र दोघंही हसत सुटली.

गठ्ठे आणायला तिला घर विकून देणाऱ्या एजंट बाईंनी सांगितलं होतं. वाफ्यांवर ताजं मल्च दिसलं की गिऱ्हाईक खूश होतं म्हणे. हो, घर विकायचं होतं. ते घर हेमचंद्रने, तिच्या नवऱ्याने, मोठ्या हौसेने घेतलं, पुढच्या अंगणात डॉगवूडचं एक कोवळं झाड लावलं, आणि त्या झाडाला पहिली फुलं यायच्या आत ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये छातीत कळ येऊन तो गेला. आता मिनेसोटात ईडन प्रेरीला राहणाऱ्या तिच्या भावाने, अनिलदादाने, तिच्यासाठी बेसमेंटमधली खोली रंगवून घेतली होती. तिने लॅबमधली नोकरी सोडायची, जूनमध्ये तिकडे जायचं, असं ठरलं होतं. म्हणजे दादाने ठरवलं होतं आणि तिने मान हलवली होती. त्या दिवसांत तिला कुणी काहीही विचारलं तरी ती मानच हलवत असे.

"तुम्ही मला शिकवाल का हे... पसरायला?" तिने विचारलं.

"शिकवतो. फी म्हणून या पिशव्या नेतो."

पुढच्या शनिवारी तो खरंच आला. गुडघ्यांवर बसून दोघांनी आधी तण उपटलं. मग त्याने वाफ्यांना पाणी घालायला लावलं, कोरड्या मातीवर पांघरूण घालून उपयोग नाही म्हणाला. पाण्यावर वर्तमानपत्राचे कागद, आणि कागदांवर सुया.

"किती जाड?"

"चार बोटं."

"कुणाची? तुमची की माझी?"

त्याने आपला पंजा तिच्या पंजाशेजारी मातीवर टेकवला. मध्ये एका गवताच्या काडीएवढी जागा... त्याने ती ओलांडली नाही, तिने हात मागे घेतला नाही.

"तुमची चार," तो म्हणाला. "माझी तीनच पुरतील."

असे शनिवार येत गेले. सांगितलेलं सगळं तिला एका खेपेत जमलं असं नाही. एका बुधवारी सवयीने तिने सगळा वाफा झाडून स्वच्छ केला, आणि शनिवारी तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "वा! सारवायचं तेवढं राहिलंय." ती ओशाळून इतकी हसली, की डोळ्यांत पाणी आलं. मग पायऱ्यांवर बसून चहा. पाऊस आला तर छपराखाली सरकायचं, थांबला की पुन्हा मातीत.

एकदा तो कप फिरवत म्हणाला, "तुम्ही अजून माझं आडनाव नाही विचारलं."

"मला मल्च हवं होतं. आडनाव घेऊन काय करू?"

"आपल्या माणसांना पहिला चहा संपायच्या आत लागतं ते." तो रस्त्याकडे बघत होता. "साळवे. बाबासाहेबांच्या दीक्षेला आईवडील नागपूरला गेले होते. मी पोटात होतो. आई म्हणते, तूही दीक्षा घेतलीस."

"मग तुम्ही माझ्याहून लवकर शहाणे झालात," मृणालिनी म्हणाली. "चहा घेणार अजून?"

त्याने कप पुढे केला.

एप्रिलमध्ये लहू कॉन्फरन्ससाठी जॉर्जियाला गेला. तिकडून मातीचे नमुने घ्यायला काही शेतांवरही जायचं होतं, त्यामुळे दोन-तीन आठवडे लागले. इकडे पाऊस लागून राहिला. डॉगवूडच्या पाकळ्या पावसात गळताना बघून मृणालिनीचा जीव खालीवर व्हायला लागला. तिला वडिलांची रावेरची केळीची बाग आठवली. पावसाळ्यात ते प्रत्येक केळीच्या बुंध्याला मातीची चांगली भर द्यायचे, केळ पडू नये म्हणून. तिने तेच केलं. गॅरेजमधले उरलेले गठ्ठे फोडले, झाडांच्या सालींचा ओला चुरा आणला आणि हेमचंद्रच्या झाडाच्या बुंध्याशी हे एवढं वारूळ रचलं. हातांनी थापटून थापटून बसवलं. त्या रात्री तिला शांत झोप लागली.

लहू परत आला तो गाडीतून उतरताच थबकला. सरळ झाडाशी जाऊन बसला आणि दोन्ही हातांनी ढीग उपसायला लागला.

"का काढताय? भर दिलीय मी. आमच्याकडे केळीला देतात—"

"केळीला चालतं. याला साल आहे, मृणालिनी. सालीला वारा लागतो. दिवसरात्र ओल अंगाशी धरून बसली की ती कुजते."

त्याने तिला नावाने हाक मारल्याचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. ढिगाच्या आत आंबूस वास होता, हाताला ऊब लागत होती. बुंध्यावरची साल काळी, मऊ पडली होती.

"मेलं?" ती खाली वाकली. "माझ्या हातून हेही...?"

"थांबा." त्याने काळ्या भागाच्या पलीकडे नखाने हलकेच खरवडलं. "बघा. हिरवं आहे. एका बाजूची साल गेली, बाकीची जिवंत आहे."

ती तिथेच चिखलात बसली आणि रडली. हेमचंद्र गेला तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं; सगळ्यांच्या चहापाण्यात तिचं रडणं राहूनच गेलं होतं. लहूने तिला जवळ घेतलं नाही, तिच्याकडे बघितलंही नाही. तो मान खाली घालून उपसत राहिला, तिला कुणी बघत नाहीये असं वाटावं म्हणून.

"मी प्रेमानेच घातलं होतं हो," ती शेवटी म्हणाली.

"दिसतंय ते. नाहीतर एवढं जाड कोण घालतं?"

रडता रडता तिला हसू आलं. त्याने बुंध्याभोवती मोकळं कडं केलं, खोडापासून चार बोटं जागा सोडून पुढे पातळ थर पसरला.

"आता काय करायचं?"

"काही नाही. थांबायचं. जखम भरून आली का, ते पुढच्या वसंतात कळेल."

"मी जूनमध्ये जातेय."

"हो... विसरलोच होतो," लहू म्हणाला. तो विसरला नव्हता.

त्याच संध्याकाळी ईडन प्रेरीहून फोन आला. घराला चांगली ऑफर आली होती, एजंट बाईंनी दादाला आधी कळवलं होतं. मृणालिनी म्हणाली, दादा, जरा थांबू या का? का, म्हणून त्याने विचारलं, तेव्हा तिने बागेचं सांगितलं, आणि बागेबरोबर लहूचंही. दादा बहिणीचा आवाज ओळखत होता.

"आडनाव काय त्याचं?"

तिने सांगितलं.

पलीकडे काहीच ऐकू येईना. "दादा? लाइन कट झाली का?"

"नाही. मी येतोय तिकडे. शुक्रवारी. आपण दोघं मिळून सह्या करू."

तिने लहूला हे लपवलं नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, हातातली खुरपी पायऱ्यांवर ठेवली.

"ती फोनवरची शांतता माझ्या ओळखीची आहे," तो म्हणाला. "दादांना वाईट नका समजू. पण मी तुम्हाला थांबा म्हणणार नाही. माझ्यासाठी थांबलात, आणि उद्या जड झालं, तर त्याचं ओझं दोघांनाही उचलवणार नाही. आणि... शुक्रवारपर्यंत मी इकडे येत नाही. मी समोर असलो की तुम्हाला नीट सुचायचं नाही."

"फार समजता हो स्वतःला," ती म्हणाली.

तो हसला, पण थांबला नाही. गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मृणालिनीला अख्खं अंगण परक्याचं वाटलं.

शुक्रवारी दादा आला. येताना त्याने तिच्यासाठी वहिनीने केलेला चिवडा आणला होता, आणि लोकरीचे मोजे, ईडन प्रेरीच्या थंडीसाठी. त्या मोज्यांनीच तिचा धीर खचायला आला. स्वयंपाकघरात भरली वांगी मंद आचेवर होती, कुकरची शिटी होऊन गेली होती. टेबलावर ऑफरचे कागद, त्यावर दादाचं पेन.

"दादा, मी घर विकत नाहीये."

त्याने पेन उचलून टोपण लावलं. "त्याच्यासाठी?"

"त्याला मी अजून विचारलेलंही नाही. तो नाही म्हणाला तरी विकणार नाही."

"वेडी आहेस का तू? एकटीने राहणार? इथे तुझं आहे कोण?"

"मी आहे ना, दादा."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच ते नवं वाटलं. दादा उठला, खिडकीशी गेला. हेमचंद्र गेला तेव्हा याच खिडकीशी उभं राहून त्याने नातेवाइकांना एकेक फोन केला होता. वाईट माणूस नव्हता तो. म्हणून तर कठीण होतं.

"आणि त्याला विचारलंस, तो हो म्हणाला, तर? आईला काय सांगू मी?"

"तू नको सांगूस. मी सांगेन."

"मला हे पटणार नाही, मृणाल. आज नाही. कदाचित कधीच नाही."

"माहीत आहे."

तो जेवला नाही. आधीच्या फ्लाइटची चौकशी केली, तिनेच गॅस बंद करून त्याला एअरपोर्टवर ड्राइव्ह करून सोडलं. बॅग उचलताना त्याने फक्त तिच्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभर, आणि एअरपोर्टचं काचेचं दार सरकून त्याच्यामागे बंद झालं.

ती घरी गेली नाही. तशीच लहूच्या अपार्टमेंटकडे निघाली. तो बाहेरच्या जिन्यावर अनवाणी बसला होता, समोर काहीच नसताना समोर बघत. तिची गाडी दिसताच उठला, आणि उठून काय करायचं ते न कळून तसाच उभा राहिला.

"दादा?"

"गेला. न जेवता."

"आणि घर...?"

"माझं आहे." ती पायरीशी येऊन थांबली. "लहू, आधी मला बोलू द्या, नाहीतर राहून जाईल. मागच्या वेळी मला कुणी काही विचारलं नव्हतं. पाहायला आले, पोहे झाले, ठरलं. माणूस सोन्यासारखा निघाला, हे माझं नशीब. त्याला मी विसरणार नाही, आणि विसरावं असं तुम्ही म्हणालात तर मी आत्ता परत जाईन."

"मी असं कधी—"

"थांबा ना! आई बोलणार नाही. दादा येणार नाही. लोक आडून बघतील, तुमच्याकडचेही बघतील. हे सगळं धरून विचारतेय." तिने श्वास घेतला. "माझ्याशी लग्न कराल? मला तुम्ही आवडता. शनिवारचे आवडताच, पण मला... सगळ्या वारांचे हवे आहात."

लहू एक पायरी उतरून खाली आला.

"हो," तो म्हणाला. "हो. कधीपासून हो."

"मग चला. वांगी केलीत, भात निवला असेल."

"बूट... बूट घालतो."

तो बूट घेऊन जिन्यावर बसला. पण नाडी काही बांधली जाईना, डोळे भरून आल्यामुळे नाडीची टोकंच दिसत नव्हती. मृणालिनीने मान वळवून रस्त्याकडे पाहिलं आणि हातातल्या किल्ल्या उगाचच मोजत राहिली, त्याला हवा तेवढा वेळ घेता यावा म्हणून.