झाडाची कावीळ

चौऱ्याहत्तर सालचा श्रावण. सीताबर्डीहून सदरला जाणाऱ्या बसमध्ये गोपिकाला कशीबशी खिडकीची जागा मिळाली, आणि लगेच कुणीतरी तिच्या मांडीवर रोप लावलेली एक कुंडी ठेवली. उभ्या माणसाची पिशवी बसलेल्यानं मांडीवर घ्यायची, ही रीतच आहे हो. पण ओल्या मातीची कुंडी? तीही नव्या पातळावर? तिनं रागानं वर पाहिलं. पावसात चिंब भिजलेला एक उंच तरुण दांडीला लोंबकळत होता, आणि कुंडीकडे इतक्या काळजीनं पाहत होता की बाईसाहेबांचा राग ओठांवरच विरघळला.

पुढच्या थांब्यावर उतरणाऱ्यांच्या लोंढ्यानं त्यालाही खाली ढकललं. घंटी वाजली, बस सुटली, कुंडी गोपिकाकडेच राहिली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ती कुंडी कडेवर घेऊन सीताबर्डीच्या थांब्यावर उभी राहिली, आणि तोही धावतच आला.

नाव ताराचंद, शेतकी कॉलेजात शिकणारा. झाड गिंकोचं, दार्जिलिंगहून आणलेलं. पृथ्वीवर माणूस नव्हता, आंबा नव्हता, तेव्हापासूनची ही जात, असं तो रंगून सांगत होता, आणि गोपिका झाडाकडे कमी नि त्याच्या ओल्या पापण्यांकडे जास्त पाहत होती. त्याच्या खोलीला टिनाचं छप्पर, झाड भाजून निघालं असतं. तिच्या अंगणात विहीर होती, कडुनिंबाची सावली होती. मग झाड तिच्याकडेच राहिलं, आणि ते पाहायच्या निमित्तानं ताराचंद दर रविवारी येऊ लागला. छोट्या विंझण्यांसारखी ती हिरवी पानं हलली की गोपिकाला उगीचच हसू येई.

दिवाळीनंतर तो ट्रेनिंगसाठी देहरादूनला निघाला. फाटकाशी थबकला.

"झाड सांभाळा. परत आलो की घेऊन जाईन, अन्..."

"अन् काय?"

"...आल्यावर सांगतो."

त्या एका 'अन्'वर गोपिका किती दिवस तरंगत होती, विचारू नका.

पौषात पानं पिवळी पडली. एखाददुसरं नव्हे, सगळीच! आपल्या नागपुरात झाडं उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं गाळतात. ऐन थंडीत, वेळेवर पाणी घालूनही झाड असं हळदीसारखं होतं, हे कुणी पाहिलंय? आईनं उभ्या उभ्या निदान केलं, "याले कावीळ झाली वं." गल्लीतले मारोतराव माणसांची कावीळ उतरवत. त्यांना बोलावणं गेलं. त्यांनी मंत्र पुटपुटत चुन्याच्या पाण्यानं खोड धुतलं. माणसाची कावीळ उतरली की पाणी पिवळं होतं म्हणतात; इथं पाणी काही पिवळं झालं नाही, पानं मात्र गळून गेली. उरली नुसती काडी. गोपिका विहिरीपाशी बसून पोटभर रडली. त्यानं विश्वासानं दिलेली एवढीशी वस्तू तिला राखता आली नव्हती. आता कसला 'अन्'?

फाल्गुनात ताराचंद आला, तेव्हा ती स्वयंपाकघरात लपली. मी घरी नाही असं सांग, म्हणून आईला बजावलं. आईनं अंगणात जाऊन इमानदारीत सांगितलं की गोपिका घरी नाही, ती चुलीमागं लपली आहे. आणि झाड मेलं, कावीळ उतरवली तरी मेलं.

बाहेरून असं हसू ऐकू आलं, की गोपिका तरातरा बाहेर आली. ताराचंद विहिरीच्या काठावर पोट धरून बसला होता.

"माहा जीव जाऊन राहिला, अन् तुमी हसून राहिले?"

"इकडं या." त्यानं नखानं काडीची साल जराशी खरवडली. आत हिरवीगार ओल. "थंडीत हे असंच पिवळं होते, सारी पानं टाकते. अन् मग..." त्याचं बोट टोकाकडे सरकलं. तिथं एक हिरवा ठिपका फुगून आला होता.

डोळे पुसत गोपिका म्हणाली, "हे जातानाच काहून नाही सांगितलं?"

"सांगालेच थांबलो होतो फाटकाशी. पण तुमी समोर उभ्या... दुसरंच आठवलं."

"काय?"

"तेच, अर्धं राहिलेलं." त्याचे कान लाल झाले. "झाड घेऊन जाईन, अन्... सांभाळणारी येत असन, तर तिलेही. तुमच्या बाबाले आजच विचारतो."

गोपिकानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"पहिले सावलीचं घर पाहा," ती शेवटी म्हणाली. "मंग मी अन् झाड, दोघंही संगंच येतो."

वैशाखात लग्न झालं, तोवर काडीवर हिरवे विंझणे दाटले होते. मांडवात आईनं मारोतरावांना पहिल्या पंगतीत बसवलं आणि आग्रह करकरून बुंदी वाढली. तिच्या मते कावीळ उतरायला जरा वेळ लागला, एवढंच.